मोबाइलवरच्या निरोपांतली मराठी आणि तिची लघुरूपे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय आणि दादर-गिरगाव हा माझा परिसर. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळी अंक यांची मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला मोबाइलवरच्या मराठीविषयी काही मत असणारच, असे गृहीत धरून ओळखीची मंडळी गेली काही वर्षे जे प्रश्न विचारत आली आहेत, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत.

शब्द तोडून लिहिण्याची सवय मोबाइलमुळे लागली का?

नाही. ज्यांच्या घरी जुनी पत्रे जपून ठेवलेली आहेत त्यांनी कोणतेही एक उघडून पाहावे. पहिल्याच ओळीत 'ती. बाबांस सा. न. वि. वि.' असे काहीतरी सापडेल. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, धाकट्यांना 'अ. उ. आ.' म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, शेवटी राहून गेलेल्या मजकुरासाठी 'ता. क.', आणि पाकिटावर 'रा. रा.', 'मु. पो.', 'ता.', 'जि.' अशी ही सगळी शिस्तशीर लघुरूपांची रांग होती. ती इतकी अंगवळणी पडली होती की 'सा. न. वि. वि.' रोज लिहिणाऱ्या कित्येकांना त्यातला दुसरा 'वि.' कशाचा, हे विचारल्यावर आठवावे लागे. शाळेत आपण लसावि, मसावि आणि द. सा. द. शे. शिकलो, साहित्यात पुल आणि गदिमा म्हणू लागलो, आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद होईपर्यंत शब्दागणिक पैसे मोजून दुःखाच्या आणि आनंदाच्या बातम्या कळवत राहिलो.

मुंबईला तर लघुरूपांवाचून चालतच नाही. व्हीटीचे १९९६ मध्ये सीएसटी झाले, २०१७ मध्ये सीएसएमटी झाले, आणि नाव दर वेळी लांबत गेले तरी बोलण्यातला तुकडा अक्षराअक्षराचाच राहिला. 'वन आरके' म्हणजे काय, हे येथे घर शोधणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मोबाइलने बदल घडवला तो वेगळ्या ठिकाणी. पत्रातली लघुरूपे ठरलेली होती आणि वडीलमाणसांकडून शिकली जात होती. मोबाइलवरची लघुरूपे दोन मैत्रिणी किंवा एखादा गट आपापसात घडवतो, काही महिने वापरतो आणि टाकून देतो. त्यामुळे ती बाहेरच्याला कळत नाहीत. पुष्कळदा ती बाहेरच्याला कळू नयेत, हाच उद्देश असतो.

एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा का होती आणि मराठीच्या वाट्याला त्यातली ७०च का आली?

जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ च्या सुमारास टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये उतरवून त्यांतली अक्षरे मोजली, आणि बहुतेक निरोप १६० अक्षरांच्या आत बसतात असे त्यांना आढळले, असे त्यांनी सांगितलेले आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

यंत्राच्या दृष्टीने हिशेब असा आहे. एका एसएमएसमध्ये १,१२० बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा खुणा, मावतात. रोमन लिपीतल्या एका अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी युनिकोड ही अनेक लिप्यांना सामावणारी सांकेतिक पद्धत वापरावी लागते, त्यात एका चिन्हाला सोळा बिट जातात आणि १,१२० भागिले १६ म्हणजे ७० उरतात. शिवाय इंग्रजी निरोपात एखादेच देवनागरी अक्षर घातले, तरी संपूर्ण निरोप सोळा बिटांच्या हिशेबात जातो आणि मर्यादा एकदम ७० वर येते. निरोप लांबून त्याचे दोन तुकडे झाले, तर तुकडे जोडण्याच्या माहितीसाठी जागा द्यावी लागते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७च चिन्हे राहतात.

'चिन्हे' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण आपण ज्याला अक्षर म्हणतो ते यंत्राच्या लेखी अक्षर नसते. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर वाटते, परंतु स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी त्याची सहा चिन्हे होतात. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' या साध्या वाक्यात काने, वेलांट्या, जोडाक्षरांतले हलन्त आणि मधल्या दोन मोकळ्या जागा धरून २९ चिन्हे भरतात, म्हणजे नाव लिहिण्याआधीच निरोपाचा बराचसा भाग संपलेला असतो. 'वादिहाशु'मध्ये आठच भरतात. हे लघुरूप थट्टेचे वाटले, तरी त्यामागे असा रोकडा हिशेबही होता.

पैशांचा हिशेब तर होताच. सणाच्या दिवशी एसएमएसच्या स्वस्त योजना लागू होत नसत, म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठवून मोकळे होणारी कुटुंबे अनेकांना आठवत असतील. २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जाहिरातींच्या निरोपांना आळा घालण्यासाठी दिवसाला शंभर आणि नंतर दोनशे एसएमएसची मर्यादा घातली, तेव्हा महाविद्यालयीन मुले संध्याकाळपर्यंत आपला कोटा मोजत बसत.

मग आता जागा मुबलक असतानाही लोक 'आहे' पूर्ण का लिहीत नाहीत?

याचे उत्तर जुन्या बारा बटणांच्या फोनमध्ये आहे. रोमन लिपीतला 'एस' उमटवण्यासाठी सातचे बटण चार वेळा दाबावे लागे. 'आहे' हा शब्द दोनदा 'ए' देऊन लिहायचा, तर एकच बटण दोन वेगळ्या अक्षरांसाठी लागोपाठ दाबावे लागे, आणि मधे क्षणभर थांबले नाही तर दोन 'ए'ऐवजी एक 'बी' उमटे. म्हणून लोकांनी एकच 'ए' लिहायला सुरुवात केली. बटणे गेली, काचेचा पडदा आला, तरी तो एकेरी 'ए' तसाच राहिला आहे. देवनागरी बटणांवर एकेका वर्गाची अक्षरे कोंबलेली असत, त्यामुळे 'घ' गाठेपर्यंत 'क', 'ख', 'ग' पार करावे लागत. इतके करून पाठवलेला मराठी निरोप समोरच्या फोनवर रिकाम्या चौकोनांची माळ होऊन उमटण्याची शक्यता असे. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर अधिकृत भारतीय भाषांतले निरोप वाचता आलेच पाहिजेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढला. तोपर्यंत एका पिढीच्या बोटांना रोमन मराठीची सवय जडून गेली होती.

दुसरे कारण असे की, व्हॉट्सॲपवरचा निरोप हा लिहिलेला असला तरी तो पत्राचा नव्हे, बोलण्याचा वारस आहे. 'निघालात?', 'हो', 'कुठवर?', 'घाटकोपर' ही देवाणघेवाण पत्रात कधीच झाली नसती. येथे मराठी व्याकरण फार उपयोगी पडते, कारण आपले क्रियापद कर्त्याचे बरेचसे काम स्वतःच करते. 'निघालात' या एका शब्दात तुम्ही आहात, आदर आहे आणि काळही आहे. 'पोचले' म्हटले की बोलणारी स्त्री आहे, हे सर्वनामाशिवाय कळते.

मराठी लघुरूप नेमके कसे तयार होते?

इंग्रजी लघुरूप वर्णाने होते आणि मराठी लघुरूप अक्षराने होते, हा त्यातला महत्त्वाचा भेद आहे. 'वाढदिवस' या शब्दातून आपण नुसता 'व' उचलत नाही, कान्यासकट 'वा' उचलतो, आणि शब्द सामासिक असल्यामुळे त्याच्या दुसऱ्या पदाचा 'दि'ही घेतो. परिणामी 'वादिहाशु' एखाद्या सरळ शब्दासारखे उच्चारता येते, तर 'हॅपी बर्थडे'चे 'एचबीडी' हे एकेक अक्षर सुटे वाचावे लागते. एकदा उच्चार जमला की त्या लघुरूपाला विभक्तीही लागते. 'सकाळपासून वादिहाशुंचा पूर आलाय' असे वाक्य कोणीही सहज लिहून जातो.

मराठी संकेतस्थळांवर रुळलेली 'हहपुवा' म्हणजे हसून हसून पुरेवाट, आणि 'कृहघ्या' म्हणजे कृपया हलके घ्या, ही याच वळणाची उदाहरणे आहेत. 'कृहघ्या'मध्ये 'घ्या' अख्खाच ठेवला आहे, कारण त्याचे नुसते 'घ' केले असते तर विनंती उरली नसती. 'धन्स' मात्र वेगळ्या कुळातला आहे. त्यात धन्यवादाचे शीर आणि थँक्सची शेपटी जोडली आहे, आणि ज्याला कृतज्ञता दाखवायची आहे पण फार औपचारिक व्हायचे नाही अशा माणसाची त्याने चांगली सोय केली आहे.

लघुरूपातले टिंब फोनवर बहुधा गळते, कारण पुष्कळ कळफलकांवर विरामचिन्हे दुसऱ्या पटलावर असतात. टिंब गळाले तर फारसे बिघडत नाही. अनुस्वार गळाला की बिघडते. लग्नपत्रिकेतले 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. फोनवरून आलेल्या मजकुरात त्याचे हमखास 'चि. सौ. का.' झालेले असते आणि ते तसेच छापून गेले की वधूकडचे एखादे वयस्कर गृहस्थ मांडवात पत्रिका उघडून मला बोलावतात.

रोमन लिपीत मराठी लिहिण्याने नक्की काय बिघडते?

घरातल्या घरात फारसे काही बिघडत नाही, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. माझ्या बहिणीने एकदा मुलाला पाठवलेला निरोप मी पाहिला आहे: 'टी-ए-के फ्रिजमध्ये टी-ए-के.' पहिला शब्द 'ताक' आणि दुसरा 'टाक'. मुलाने क्षणाचाही विचार न करता ताक फ्रिजमध्ये टाकले. वाक्यातली जागा, ओट्यावरचे पातेले आणि आईचा आवाज या तिन्हींनी मिळून त्याला ते वाचून दाखवले होते.

अडचण येते ती संदर्भ नसलेल्या ठिकाणी. रोमनमध्ये त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ या जोड्यांतला फरक पुसला जातो आणि अ व आ सारखेच दिसतात. 'एम-ए-एल-ए' हे 'मला', 'मळा', 'माला' आणि 'माळा' यांपैकी काहीही असू शकते, आणि चाळीत 'तिसरा माळा' विचारणाऱ्या कुरियरवाल्याला त्यांतला एकच उपयोगी असतो. क्रियापदांचेही तसेच होते. 'पोचला' आणि 'पोचलं' रोमनमध्ये बहुधा एकसारखेच लिहिले जातात, त्यामुळे तो पोचला की पार्सल पोचलं, हे विचारायला दुसरा निरोप पाठवावा लागतो आणि वाचवलेली दोन अक्षरे दहा अक्षरांना महाग पडतात.

सर्वांत जास्त हाल आडनावांचे होतात. पत्रिकेचा मजकूर आता बहुतेकदा व्हॉट्सॲपवर रोमनमध्ये येतो, कोणीतरी तो यंत्राकडून देवनागरीत करून घेतो, आणि माझ्यासमोर काळे यांचे 'काले', दळवी यांचे 'दलवी' आणि राणे यांचे 'राने' होऊन येते. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हाती आलेल्या मजकुरात 'ळ' नव्हताच. म्हणून निरोप कितीही तोडका असला तरी चालेल, पण नावे देवनागरीत लिहून पाठवा, एवढी एकच अट मी ग्राहकांना घालतो.

'नै', 'कै', 'म्हंजे' असे लिहिणे अशुद्ध आहे का?

शुद्धलेखनाच्या नियमांनी पाहिले तर आहे. परंतु हे लिहिणाऱ्याला 'नाही' लिहिता येत नाही, असा त्याचा अर्थ नाही. तो बोलण्यातला उच्चार कागदावर उतरवत असतो. मराठी लेखनाच्या १९६२ च्या नियमांनीही बोलण्याची भाषा लिहिताना 'असे केले'ऐवजी 'असं केलं' असा अनुस्वार देण्याची मुभा ठेवली आहे, म्हणजे उच्चाराला लेखनात जागा देण्याचे तत्त्व नवे नाही. 'करतो आहेस' याचे 'करतोयस' होते, 'नाही आहे' याचे 'नाहीये' होते, आणि ही रूपे आता छापील संवादांतही सर्रास दिसतात. 'नै' अजून तेथवर पोहोचलेले नाही. मला स्वतःला ते लाडिक वाटते आणि चाळिशीनंतर कोणी वापरू नये असे वाटते. पण हे माझे मत आहे, नियम नव्हे.

एकाच लघुरूपाचे दोन अर्थ असले तर काय होते?

माझा भाचा एकदा दादरला उतरायचा तो परळला उतरला. त्याच्या आईने डोंबिवलीहून लिहिले होते, 'दादरला उतर. टीसी.' आईच्या मनात 'टेक केअर', म्हणजे काळजी घे, असा अर्थ होता, आणि ती हे नुकतेच तिच्या भिशीच्या गटातून शिकली होती. भाच्याचा पास आदल्याच दिवशी संपलेला होता आणि रोज लोकलने प्रवास करणाऱ्या माणसाला 'टीसी' म्हणजे तिकीट तपासनीसच. आईने कोणत्या तरी दैवी मार्गाने आपल्याला आगाऊ सूचना दिली असे समजून तो पुढच्या स्थानकापर्यंत गेला आणि उन्हातून चालत मागे आला. विनातिकीट प्रवासाचे समर्थन मी करत नाही. घरात त्याला त्याबद्दल वेगळे ऐकावे लागले.

मुंबईत समाजागणिकही अर्थ बदलतात. 'जेएसके' हे आमच्या इमारतीतल्या गुजराती शेजाऱ्यांचे 'जय श्रीकृष्ण' आहे. दादरसुद्धा रेल्वेच्या सांकेतिक भाषेत मध्य मार्गावर 'डीआर' आणि पश्चिम मार्गावर 'डीडीआर' आहे, त्यामुळे पुलाच्या कोणत्या बाजूला भेटायचे हे एका अधिक अक्षराने सांगता येते. अर्थात ते दोघांनाही ठाऊक असले तर.

वडीलधाऱ्यांना पाठवताना काय तोडावे आणि काय तोडू नये?

सर्वनाम खुशाल गाळावे, क्रियापद गाळू नये. आदर मराठीत क्रियापदात राहतो. 'काका, कुठवर आलात?' यात 'तुम्ही' नाही याची कोणालाही खंत वाटत नाही, पण त्याच काकांना नुसते 'कुठे?' असे पाठवले की ते दुखावतात, आणि का दुखावले हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. 'ओके'चे आणखी आखूड करून केलेले 'के' तर वरिष्ठांना पाठवूच नये. त्याऐवजी 'बरं' लिहावे, त्याला दोनच अक्षरे आणि एक अनुस्वार लागतो.

शोकसंदेश लघुरूपात पाठवावा का?

पाठवू नये. 'भापूश्र', म्हणजे भावपूर्ण श्रद्धांजली, हे लघुरूप मराठी मंडळींनी थट्टेत इतके वापरले आहे, अगदी संघ सामना हरल्यावरही, की खऱ्या दुःखाच्या ठिकाणी ते शोभत नाही. काही सुचत नसेल तर 'बातमी कळली. संध्याकाळी येतो.' एवढे पुरे.

चिन्हचित्रे (इमोजी), पूर्णविराम आणि लांबवलेली अक्षरे यांचे काय?

हात जोडलेल्या चिन्हाने मराठी निरोपांत नमस्कार, आभार, क्षमायाचना, श्रद्धांजली आणि 'आता हा वाद पुरे' अशी पाच कामे अंगावर घेतली आहेत, आणि त्यामुळे 'सा. न. वि. वि.'ची मोकळी झालेली जागा भरून निघाली आहे. पूर्णविरामाकडे तरुण मंडळी राग म्हणून पाहतात, कारण निरोप पाठवला की वाक्य संपतेच, मग टिंब कशासाठी? 'ठीक आहे' आणि 'ठीक आहे.' यांत त्यांना खरोखरच दोन वेगळे सूर ऐकू येतात. लांबवण्यासाठी मराठीत अवग्रह आहे, 'होऽऽ' असा. पण तो कळफलकात कुठे आहे हे न सापडल्यामुळे लोक कानाच पुन्हा पुन्हा देतात आणि पुष्कळ फोनवर दुसऱ्या कान्यापासून ठिपक्यांची वर्तुळे उमटू लागतात.

यामुळे मुलांचे लेखन बिघडते का?

माझ्याकडे येणाऱ्या मजकुरावरून सांगतो. लघुरूपे निबंधात किंवा अहवालात क्वचितच घुसतात. कुठे काय लिहायचे याचे भान मुलांना असते. घुसतात त्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आणि न-णचा घोळ, आणि त्यांचे मूळ तोडण्यात नसून वर्षानुवर्षे रोमनमध्ये लिहिण्यात आहे. ज्याने 'पाणी' हा शब्द दिवसातून दहा वेळा रोमनमध्ये लिहिला, त्याला 'ण' आठवण्याचे कारणच पडले नाही. देवनागरीत 'वादिहाशु' लिहिणारा मुलगा निदान 'दि' ऱ्हस्व लिहितो.

बोलून टंकलेखन करता येऊ लागल्यावर लघुरूपे नाहीशी होतील का?

काही होतील. फोनपुढे बोलले की तो 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' पूर्ण लिहून देतो, आणि कळफलक 'वाढ' एवढ्यावरच पुढचे शब्द सुचवतो. आता उलट 'वादिहाशु' लिहायला कष्ट पडतात, कारण फोन ते चूक समजून बदलू पाहतो. तरीही ते लिहिले जाते, याचा अर्थ ते आता जागेसाठी किंवा वेळेसाठी नाही, जवळीक दाखवण्यासाठी लिहिले जाते. मामाला पूर्ण वाक्य जाते, मामेभावाला 'वादिहाशु' जाते.

सोसायटीच्या गटावरची सूचना किती आखूड असावी?

आमच्या चिटणीसांनी एका रात्री 'उद्या पाणी नाही, टाकी सफाई' असे लिहिले. निम्म्या लोकांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाचले आणि आणखी एक दिवस पुढचा धरून निवांत राहिले. सूचनेत 'उद्या' आणि 'परवा' हे शब्द आखूड दिसतात, पण ते वाचणाऱ्याच्या दिवसापासून मोजले जातात. त्याऐवजी 'मंगळवार, १७ तारीख, सकाळी १० ते सायं. ५, टाकी सफाईमुळे बी विंगला पाणी येणार नाही' असे लिहावे. यात 'सायं.' हे लघुरूप चालते, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. विंगचे नाव, वार आणि तारीख यांतले काहीही गाळू नये, आणि बारा वाजता काही असेल तर दुपारी की रात्री, हे पूर्ण अक्षरांत लिहावे.